गुरुवारचा डोळ्यांचा दवाखाना

मला महिनोन्महिने धड झोप लागत नव्हती. राहुरीत आमच्या भागात मनाचा डॉक्टर नाही. नगरहून एक डॉक्टर दर गुरुवारी येतात आणि डोळ्यांच्या दवाखान्यात बसतात, कारण त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांची सुट्टी असते. त्यामुळे कुणी "कुठं निघालीस?" विचारलं, की मी "डोळे दाखवायला" म्हणायचे. इतकं सोयीचं खोटं मला दुसरं कधी मिळालं नाही.

घरात खरं सांगणं शक्यच नव्हतं. माझे चुलत सासरे तर चारचौघांत म्हणायचे, "काम नसलं की असलं आजार हुत्यात."

एका गुरुवारी मी दवाखान्यात शिरले, तर बाकावर तेच बसलेले. टोपी काढून मांडीवर ठेवलेली.

"डोळं दाखवाया आल्तो," ते म्हणाले.

"मीपण, मामा."

डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी नसतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ते जरा सरकले, मी बसले. बराच वेळ ते भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी हळू विचारलं, "पोरी, ह्यांच्या गोळीनं झोप लागती का गं?"