कुशनवाल्या नानांनी बसवलेली सीट

कुशनवाले नाना माणसाचं तोंड नंतर बघायचे. आधी तो गाडीतून उतरतो कसा, ते बघायचे. कोण कमरेवर हात ठेवून उतरतो, कोण दाराचा आधार घेतो, कोण पाय जमिनीला टेकल्यावर तसाच वाकून उभा राहतो, एवढं पाहिलं की त्यांना त्या माणसाचं दुखणं कळायचं. नाव, गाव, पाहुणे कोण, या चौकश्या त्यानंतर. मांजरसुंब्याच्या फाट्यावर ढाब्यांच्या रांगेला शेवटी त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांच्या सीटा शिवणं हा त्यांचा धंदा. पण समोरच्या ढाब्यावर थांबणाऱ्या प्रत्येकाचं उतरणं बघणं हा छंद, आणि दिवसातला बराचसा वेळ त्या छंदातच जायचा.

माझी त्यांची ओळख अशी उतरतानाच झाली. मी केजला राहते आणि अंबाजोगाईच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. पहिली सहा वर्षं मी काळ्या-पिवळ्या जीपनं ये-जा केली. मग कमरेनं असहकार पुकारला. डॉक्टरांनी जीप बंद करायला सांगितली, म्हणून आम्ही एक जुनी गाडी घेतली आणि मी चाळिशीच्या उंबरठ्यावर स्टिअरिंग धरायला शिकले. आता दुखणं थांबेल असं वाटलं होतं. ते दुप्पट झालं.

त्या सीटवर मी काय काय प्रयोग केले ते सांगायलाही लाज वाटते. लाकडी मण्यांचं आसन आणलं. मोबाइलवरून कमरेची उशी मागवली. शेवटी सासूबाईंची गोधडी चौपदरी घडी करून खाली घातली. गोधडीवर बसलं की रस्ता दिसायचा, पण पाय क्लचला पुरायचे नाहीत. गोधडी काढली की पाय पुरायचे आणि समोर नुसतं बॉनेट दिसायचं. माझी उंची चार फूट अकरा इंच आहे. असली माणसंही जगात असतात हे गाडी बनवणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं.

घरातले सगळे प्रेमानंच म्हणत होते की सोडून दे. सासूबाई तेल चोळता चोळता म्हणायच्या, "जीव हाय तर नोकरी हाय. घरी बस, काय कमी हाय आपल्याला?" कमी काही नव्हतं, हे खरं. पण वर्गात भिंतीवर नकाशा टांगला की मला जे वाटतं, ते घरी बसून वाटणार नव्हतं. मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. दिवाळीपर्यंत वाट बघायची, नाहीच थांबलं तर देऊन टाकायचा. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

अशात एक दिवस बीडहून मीटिंग उरकून परत येताना मांजरसुंब्याला चहाला थांबले. खाली उतरले आणि दार धरून उभी राहिले, कारण पुढचं पाऊल टाकता येईना. तेवढ्यात रस्त्यापलीकडून आवाज आला, "ताई, डाव्या पायाला मुंग्या येत्यात का?"

बघते तर पत्र्याच्या दुकानापुढे एक ताडमाड उंच म्हातारा दाभण हातात घेऊन उभा. पायजमा घोट्याच्या चांगला वर, कारण एवढ्या उंचीचा पायजमा बाजारात मिळत नसणार. मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"उतरलात तवाच कळलं. चहा नंतर घ्या. आधी हिकडं या, पोत्यावर बसा."

पोत्यावर बसणं ही नानांची तपासणी होती. दुकानात कोपऱ्यात ज्वारीचं एक पोतं आडवं ठेवलेलं असायचं, अर्धंच भरलेलं, सैल तोंडाचं. त्यावर गिऱ्हाइकाला बसवायचं आणि म्हणायचं, "गाडी चालवताय असं समजा." माणूस हात पुढे करून, पाय लांबवून बसला की नाना त्याच्याकडे पाठ करून शिवण घालत बसायचे. समोरून कुणी बघत राहिलं तर माणूस शहाण्यासारखा ताठ बसतो, असं त्यांचं म्हणणं. पाच-सात मिनिटांनी उठवायचं आणि ज्वारीत पडलेला खड्डा वाचायचा. कुणाचा एका बाजूला खोल असला की हात पुढे करायचे, "मागच्या खिशातलं पाकीट काढा अन् पुढं ठिवा." त्यांनी किती लोकांच्या कमरा नुसतं पाकीट हलवून बऱ्या केल्या असतील, देव जाणे.

माझा खड्डा मात्र त्यांनी बराच वेळ बघितला. पोत्याच्या पार उजव्या कडेला, तोही पुढच्या बाजूला. बाकीचं पोतं कोरं करकरीत. मग माझ्या गाडीत मला बसवून बघितलं, आणि दाराशी उभे राहून विचारलं, "जीपनं किती वर्षं गेलात?"

"सहा."

"अन् एक मागं, एक पुढं, यात तुमी कायम पुढं."

आमच्याकडच्या जीपमध्ये ज्यानं प्रवास केलाय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. तिघांच्या सीटवर चौघं बसायचे, तर एकानं मागे टेकायचं, शेजारच्यानं पुढे सरकायचं, परत एक मागे, एक पुढे. दारातून ड्रायव्हर ओरडतच असतो. मी लहानखुरी, त्यात बाईमाणूस, म्हणून दाराकडची कड माझी आणि पुढे सरकायची पाळीही माझी. सहा वर्षं मी बोटभर सीटवर, दाराला चिकटून, अंग चोरून गेले-आले.

"मग आता सगळी सीट तुमची हाय की," नाना म्हणाले. "हितं कुणासाठी जागा ठेवायलाव?"

मी खाली बघितलं. खरंच, मी माझ्या स्वतःच्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर, दाराला चिकटून बसले होते. डावीकडे वीतभर जागा रिकामी. पाठीमागे एक माणूस टेकेल एवढी फट. महिनोन् महिने मी एकटी गाडी चालवत होते आणि शेजारी न बसलेल्या कुठल्या तरी बाईसाठी सरकून घेत होते. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळ्यांत पाणीही आलं. नाना दुसरीकडे बघत दाभणात दोरा ओवत राहिले. अशा वेळी बाईमाणसाकडे बघू नये, एवढी रीत त्यांच्याकडे होती.

त्या दिवशी त्यांनी माझी उशी, आसन, गोधडी सगळं बाहेर काढलं. "उशी झोपायला असती," म्हणाले. सीटचा फोम उसवून खाली काथ्याचा कडक थर घातला, चार बोटं उंच, पुढे थोडा उतरता, म्हणजे मांडी दबू नये. मग सीट पुढे ओढून मला बसवलं. त्यांचं माप वीत आणि बोटांत असायचं. आधी पाठ पार मागे. मग क्लच तळापर्यंत दाबायचा आणि तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग हात लांब करून मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे, पाठ न सोडता. गुडघ्यामागे सीटची कड तीन बोटं लांब. मान सगळ्यात शेवटी. "मान आपोआप बसती. लोक आधी मान सरळ करत्यात अन् खालचं सगळं वाकडं ठिवत्यात."

त्यांनी बजावलं होतं, "आठ दिवस अंग भांडंल तुमच्यासंगं. भांडू द्या." अंग खरंच भांडलं. सगळी सीट व्यापून बसायचं म्हणजे आपण काही तरी उद्धटपणा करतोय असं वाटायचं. पण नवव्या का दहाव्या दिवशी मी अंबाजोगाईला उतरले आणि दार न धरता स्टाफरूममध्ये गेले. खुर्चीवर बसल्यावर ते माझ्या लक्षात आलं. तो राजीनामा मी दुपारी फाडला.

नानांना ही विद्या कुठून आली, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. ते मूळचे ट्रक ड्रायव्हर. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन ते कारखान्यांकडे जायचे. ट्रकात माणसं, बैलांचा चारा, भांडीकुंडी, कोंबड्या, आणि पुढे नाना एका फळीवर, फळीवर बारदान. "फळीला कुणी इचारतं व्हय? माल पोचला का, एवढंच इचारत्यात." वीस वर्षांनी एकदा कारखान्याच्या गेटात गाडी लावली आणि नानांना उतरता येईना. "दोघांनी उचलून खाली ठिवलं मला. बसलो होतो तसाच. हवेत खुर्ची असावी तसा." हे सांगताना ते स्वतःच इतके हसायचे की ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळत नसे. बरे झाल्यावर ते बीडला एका कारागिराकडे सीट शिवायला शिकले, आणि परत ट्रकात चढले नाहीत.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याची त्यांनी केलेली सीट अजून लोक आठवतात. पुढारी नव्या मोठ्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसायचे. त्यांना ती सीट ड्रायव्हरपेक्षा वर हवी होती, म्हणजे गावातून जाताना काचेत आपण ठसठशीत दिसू. नानांनी समजावून पाहिलं. साहेब ऐकेनात. "करतो की," म्हणून नानांनी सांगितली तेवढी सीट उंच करून दिली. चौथ्या दिवशी गाडी परत दुकानापुढे. आमच्याकडचे स्पीड ब्रेकर किती आणि कसे, ते काय वर्णावे. साहेबांचं डोकं छताला लागून लागून टेंगूळ आलं होतं. फोम काढता काढता नाना ड्रायव्हरला तेवढं म्हणाले, "काय बे, हळू चालवत जा की. साहेबांचं डोकं हाय ते."

माझ्या नवऱ्यालाही त्यांनी असंच वठणीवर आणलं. रविवारी गाडी ते घेऊन जात. लांब पायांचा माणूस, बसल्या बसल्या सीट मागे ढकलायचा. सोमवारी सकाळी घाईत मी अंदाजानं पुढे ओढायची आणि बुधवारपर्यंत पायाला परत मुंग्या यायच्या. एकदा आम्ही दोघं बीडला जाताना नानांकडे थांबलो. नानांनी चहा मागवला, शेतीची, पाण्याची चौकशी केली आणि मग हळूच म्हणाले, "दाजी, रविवारी गाडी तुमी नेता व्हय?"

"नेतो की. का?"

"मग सांजच्याला ताईची सीट लावून ठिवता का पहिल्यासारखी?"

"त्यात काय ठेवायचं नाना? एक दांडी तर ओढायची असते."

"दांडी सीटला असती दाजी, कमरंला नसती." नानांनी बशीत चहा ओतला. "तुमी घरात त्यांच्या ताटावर बसून जेवता का? मग?"

त्या रविवारपासून सीट मागे नेताना हे दांडीचे खटके मोजायला लागले. सात मागे, संध्याकाळी सात पुढे. सासूबाईंना यात भारी गंमत वाटायची. एका सोमवारी पाय अवघडला, तेव्हा मी यांना फोन करून विचारलं, तर पलीकडून अपराधी आवाजात उत्तर आलं, "काल सहाच मोजले वाटतं." लग्नाला सतरा वर्षं झाली. याहून प्रेमळ वाक्य ते माझ्याशी बोललेले मला आठवत नाही.

मागच्या वर्षी नानांचं दुकान बंद दिसलं. शेजारच्या ढाबेवाल्यानं सांगितलं की साखरेनं पाय गेला, उजवा, गुडघ्याखालून. एका रविवारी गाडी यांच्याकडून मागून घेतली आणि मी एकटीच त्यांच्या गावी गेले. फाट्यापासून आत थोड्या अंतरावर घर. नाना अंगणात खाटेवर बसले होते. मी गाडीतून उतरले, आणि त्यांनी आधी माझं उतरणं बघितलं. मग म्हणाले, "ब्येस हाय."

आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मी निघायला उठले तेव्हा ते म्हणाले, "ताई, मला एकदा बसवा की गाडीत. ड्रायव्हरकडं."

त्यांच्या मुलानं आणि मी मिळून त्यांना धरलं. दार उघडल्यावर मी सीटखालच्या दांडीला हात घातला, मागे सरकवायला.

"हात लावू नका त्याला," नाना म्हणाले.

"नाना, तुमचे पाय मावायचे नाहीत."

"एकच तर हाय आता. मावंल." मग म्हणाले, "इतक्या दिसानं बसलीय तुमची सीट. माझ्या पाच मिनिटांपायी कशाला मोडायची?"

आणि तो सहा फुटी माणूस माझ्या मापाच्या जागेत शिरला. गुडघा स्टिअरिंगच्या खाली अडकला, चाक पोटाला लागलं, डोकं छताला टेकलं. मला बघवेना. नानांनी मात्र दोन्ही हात चाकावर ठेवले, मग कंबर घसरवली, खांदे पाडले, मान खाली घातली, आणखी खाली, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर येईपर्यंत. आणि तिथून समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. अंगण, बोरीचं झाड, बाहेरचा कच्चा रस्ता, त्यापलीकडे डोंगर.

"लांबपर्यंत दिसतं की तुमाला," ते म्हणाले. "बास. उतरवा मला."

महिनाभरानं ते गेल्याचं कळलं. त्या भेटीच्या दिवशी मात्र त्यांना परत खाटेवर बसवून मी गाडीत बसले, तेव्हा सीट जिथल्या तिथं होती. पाठ टेकली, पाय क्लचला लागला, रस्ता समोर दिसला. वाटेतलं नेकनूर येईपर्यंत मी रडत होते आणि गाडी चालवत होते.