टाचणीबाईंच्या घरचं

स्टुडिओत तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून ती टाचणीबाई. रात्री उशिरा लागणाऱ्या गप्पांच्या विनोदी कार्यक्रमाचे कपडे ती शिवायची, म्हणजे मुख्यतः दादाचे. दादा म्हणजे त्या कार्यक्रमाचा सूत्रधार. वयाने तिच्याहून बराच लहान, पण सगळा स्टुडिओ दादा म्हणायचा म्हणून तीही म्हणायची. कार्यक्रम रात्रीचा असला तरी शूटिंग भरदुपारी चालायचं. खोट्या खिडकीमागे काळा पडदा, पडद्यावर बारीक दिवे, की झाली रात्र. दादा जेवणाचा ढेकर आवरत यायचा आणि कॅमेऱ्यात बघून विचारायचा, काय मंडळी, झोप येत नाही वाटतं?

आधी हा कार्यक्रम इथल्या इथे बघितला जायचा. मग तो परदेशात दिसू लागला. दादाच्या वाक्यांखाली नाना भाषांतली अक्षरं पळायला लागली. इथे हशा पिकला की तिकडे, जिथे खरोखर दिवस असायचा, तिथेही लोक कचेरीत बसून हसायचे म्हणे. दादाला अस्मान ठेंगणं झालं.

कोट अंगावर बेतताना माणसाला हलता येत नाही, म्हणून दादा बोलायचा. बायको का अबोला धरून आहे, स्टेजवर जाण्याआधी कशी ओकारी येते, सगळं सांगायचा. टाचणीबाई तोंडातल्या टाचण्यांमधून हूं हूं करायची. त्यातलं एक अक्षर तिने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

एकदा दादानेच विचारलं की आज डोळे का सुजलेत. टाचण्या काढून ठेवून तिने सांगितलं. तिचा नवरा बस ड्रायव्हर होता. मेंदूला झटका आल्यापासून बायको कोण हेच तो विसरला होता. ही बाई आपलं करते आणि दिसायला बरी आहे, एवढं मात्र त्याला कळायचं. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो अदबीने विचारायचा, "बाई, तुमचं लग्न झालंय का?" ती म्हणायची, "नाही अजून. वागणूक बघून ठरवीन." मग स्वारी खूश होऊन केस विंचरून यायची, आणि ती न्हाणीघरात नळ सोडून रडून घ्यायची.

ऐकता ऐकता दादाचे डोळे भरले. बाहीला टाचण्या लागलेल्या तशाच ठेवून त्याने तिचा हात हातात घेतला. त्या दिवशी तिला फार दिवसांनी हलकं वाटलं.

पुढे एका शूटिंगला ती नेहमीसारखी सुईदोरा घेऊन पडद्याआड उभी होती. दादा म्हणाला, आमच्या शेजारी एक ड्रायव्हरकाका राहतात. आणि मग चहाचा कप, ती अदब, तो प्रश्न, ते उत्तर, केस विंचरणं, सगळं जसंच्या तसं. लोक पोट धरून हसले. एकदा झालं ते झालं, आता होणार नाही, अशी टाचणीबाईने मनाची समजूत घातली.

पण काका सातासमुद्रापार गेले. परदेशात नवरे आपापल्या बायकांना तोच प्रश्न विचारून त्याच्या चित्रफिती पाठवू लागले. दर आठवड्याला काकांचा नवा किस्सा निघायला लागला. 'वागणूक बघून ठरवीन' हे परक्या लिपीत छापलेले सदरे आले, ते इस्त्रीला तिच्याच खोलीत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने विचारलं तेव्हा ते उत्तर तिच्या जिभेवर येईना. आलं असतं ते दादाच्या आवाजात आलं असतं. ती नुसतं म्हणाली, "झालंय." त्याने माफी मागितली, कप ठेवला आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्या दिवशी त्याने केस विंचरले नाहीत.

घरी त्याला सांभाळायला नणंद होती. ती लवकर झोपायची, कार्यक्रम कधी बघायची नाही. तिला कळलं ते परदेशातल्या तिच्या मुलीकडून. मुलीने फोनवर सांगितलं की इकडे सगळे हसत होते, मीही हसले, आणि अर्ध्यात लक्षात आलं की हा तर आपला मामा. नणंद येऊन दारात उभी राहिली. "वहिनी, माझ्या भावाचं हसं केलंस," म्हणाली आणि तिने बोलणंच टाकलं. दादाला सांगितलं तर टाचणीबाईनेच होतं.

मग ती दादासमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, मी कुणाचं नाव घेतलं का?" दादा मायेने म्हणाला. "अहो, जगभर लोक काकांवर जीव टाकतात."

"ते तुमचे काका नाहीत. मी तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं."

त्याने नवऱ्याला स्टेजवर आणायचं सुचवलं, सत्कार करू म्हणाला. बंद करा, एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी त्याने शब्द दिला.

त्यानंतर त्याने तिच्याकडून एक काळा कोट शिवून घेतला. बाहेरदेशी कसलासा समारंभ असेल, असं समजून तिने तो जीव ओतून शिवला. तो कोट घालून दादा कॅमेऱ्यासमोर बसला आणि जड आवाजात म्हणाला, "आमचे ड्रायव्हरकाका काल गेले."

लोक हमसून रडले, उभे राहिले. पडद्याआड तिच्या शेजारचा मेकअपवाला डोळे पुसत होता, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

शूटिंग संपल्यावर दादा कोट उतरवत म्हणाला की बघा ताई, शब्द पाळला, आता काकांवर एकही विनोद होणार नाही. तो खरोखरच आभाराची वाट बघत होता. तिने कोट हँगरला लावला, खांद्यावरचा दोरा काढला.

"माझा नवरा घरी जेवायचा थांबलाय," ती म्हणाली, आणि गेली ती परत फिरकली नाही.

घरच्या मशीनवर ती शाळेचे गणवेश शिवू लागली. नणंदेचा अबोला सुटला नाही. वहिनीने नोकरी सोडलेली बघूनही ती ताट वाढायची आणि पाठ फिरवायची.

एका रविवारी नणंदेच्या मुलीचा फोन आला. तिकडे तिच्या कचेरीतल्या लोकांनी काकांसाठी उभं राहून शांतता पाळली होती. हा माझा मामा आहे आणि जिवंत आहे, हे तिला सांगवलं नाही. तीही त्यांच्यात मान खाली घालून उभी राहिली. सांगताना तिला रडू आवरेना, आणि मामाशी बोलायचंय असा तिने हट्टच धरला. नणंदेने फोन भावाच्या कानाला लावला. तो पलीकडचं रडणं ऐकत राहिला.

मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "बाळ, तुमच्याकडे कोण गेलं?"

टाचणीबाईचं मशीन थांबलं. नणंदेने फोन काढून घेतला आणि वहिनीच्या शेजारी, गणवेशांच्या ढिगावरच, ती मटकन बसली.