मळ्यात न नेलेला चहा

दौंडच्या आमच्या इंग्रजी शाळेत दर सोमवारी फळ्यावर दहा नवे शब्द यायचे. मॅडम ते वर्तमानपत्रातून काढायच्या, त्यामुळे मेजॉरिटी, डिफीट, असॉल्ट, अ‍ॅक्यूज्ड, अ‍ॅलिबाय असेच शब्द जास्त. प्रत्येकाचं स्वतःचं वाक्य करायचं. मी वर्गात फारशी बोलायचे नाही, पण वाक्यं चांगली करायचे. नववीत एका सोमवारी मी लिहिलं, पराभूत उमेदवाराने विजयी उमेदवाराच्या भावावर कुऱ्हाडीने वार केला. मॅडमनी बरोबरची खूण केली आणि खाली 'गुड' लिहिलं.

तो पराभूत उमेदवार म्हणजे माझे चुलते.

पप्पा रेल्वेत होते, म्हणून आम्ही दौंडला. गाव शिरूर तालुक्यात, तिथली शेती थोरले चुलते बघायचे. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. दौंडला आले की ते मला बाजारात बरोबर न्यायचे आणि ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "इंग्लिश मेडियमला हाय. बोल गं काहीतरी." मी मान खाली घालायचे, ते खूश व्हायचे.

त्या वर्षी ते ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि भावकीतल्याच एकाकडून थोडक्यात पडले. आमच्याकडे निवडून आलेल्याची मिरवणूक पडलेल्याच्या दारावरून नेतात. दारापाशी हलगी थांबते आणि जरा जास्तच वाजते. निकालासाठी आम्ही गावी गेलो होतो, मी घराच्या गच्चीवर होते. विजयी माणसाच्या धाकट्या भावाने आमच्या उंबऱ्यावर गुलाल फेकला आणि म्हणाला, "आप्पा, आता पुन्ना मेंढरं राखा."

मेंढरं आजोबांनीच विकली होती. बाभळीचा पाला तोडायची लांब दांड्याची कुऱ्हाड मात्र अजून दारामागे असायची. आप्पा ती घेऊन बाहेर आले. पहिला वार त्या माणसाने डावा हात आडवा धरून घेतला. ओलं लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला, आणि जिथे सांधा नव्हता तिथे हात वाकला. दुसरा खांद्यात बसला. मग सगळी मिरवणूक आप्पांवर तुटून पडली. लाथा घालणाऱ्यांत आमच्याच घरी जेवून गेलेली माणसं होती. एकाने कुऱ्हाडीचा दांडा उचलून आप्पांच्या तोंडावर मारला, ते दात थुंकले. हलगीवाला घाबरून पळाला नाही, तो वाजवतच राहिला.

केस शिरूरच्या कोर्टात उभी राहिली. आप्पा जामिनावर सुटले होते. माझी दहावीची परीक्षा झाल्यावर त्यांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट माझ्यापुढे टाकलं. "वाच. काय लिवलंय?"

मी वाचून मराठीत सांगितलं. धारदार शस्त्र. दोन जखमा. हाताचं हाड तुटलेलं. दोन बोटांची हालचाल गेलेली.

"बोटंच ना," आप्पा म्हणाले. "हात तर हाय की."

चुलती हसली नाही. ती म्हणाली, "पोरगी वाचती बघा कशी. वकिलासारखी." तिथूनच आप्पांच्या डोक्यात ते आलं. मी साक्ष द्यायची. मिरवणूक आली तेव्हा आप्पा विहिरीवरची मोटार चालू करायला मळ्यात गेले होते आणि मी त्यांना चहा घेऊन गेले होते, एवढंच सांगायचं; परतल्यावर लोकांनी उगाच धरून मारलं आणि दात पाडले, हे आप्पा सांगणार होते. "घरच्या बाईवर मॅजिस्ट्रेट इस्वास ठेवत न्हाई," ते म्हणाले. "पन ही इंग्लिश मेडियमची. ही कशाला खोटं बोलंल?"

साक्ष टिकली तर ते सुटणार होते. नाही टिकली तर आत जाणार होते. मी नाही म्हटलं नाही, आणि न बोलण्याचा अर्थ आमच्या घरात होकार असाच घेतात.

शिरूरला आप्पांच्या वकिलांनी स्वतःच सरकारी वकील होऊन माझी तालीम घेतली. आप्पा आणि पप्पा बाकावर बसले होते.

"चहा कशात नेला?"

"किटलीत."

"मळा किती लांब?"

"दहा मिनिटं."

"वाटेत कोण भेटलं?"

"कोणी नाही."

वकील खूश दिसले. मग एकदम टेबलावर हात आपटून ओरडले, "दुसरा वार कुठं बसला?"

"खांद्यात," मी म्हणाले. "पहिला हातावर. त्यांनी आडवा धरला होता."

वकिलांनी चष्मा काढला आणि अगदी हळू म्हणाले, "हे तू सर्टिफिकेटात वाचलंस. हो ना बाळा? वाचलं म्हण."

आप्पा पुढे वाकून माझ्याकडे बघत होते. 'हो' म्हणायला काहीच लागत नव्हतं.

"सर्टिफिकेटात पहिला कुठला, दुसरा कुठला ते नाही," मी म्हणाले. "मी गच्चीवर होते."

आप्पांनी मला उलट्या हाताने मारलं. ओठ दातावर फाटला, रक्त फ्रॉकवर आलं. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा पप्पांनी मनगट धरलं. दोघे भाऊ तसेच उभे राहिले, खुर्ची पडली. वकील म्हणाले, "भांडण बाहेर करा. आणि हिला कोर्टात आणू नका."

माझ्याऐवजी चुलती उभी राहिली. चहाची गोष्ट तिने सांगितली. सरकारी वकिलाने मोटार कुणी चालू केली विचारलं, तिने आप्पांचं नाव घेतलं. त्या दिवशी वीज नव्हती, हे त्याने वीजमंडळाच्या माणसाकडून आधीच वदवून घेतलं होतं. आप्पांना शिक्षा झाली.

निकालाच्या दिवशी मी पप्पांबरोबर कोर्टाच्या आवारात होते. पोलिसांनी आप्पांना गाडीत बसवलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चुलती मात्र सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, ही पण मारणार.

"मला सांगताच आलं न्हाई," ती म्हणाली. "तू बोलली असतीस तर त्यास्नी पटलं असतं."

तिचं खरं होतं. किटली, दहा मिनिटं, रिकामी वाट, सगळं मला न अडखळता आलं होतं.