टेपताईनं पाहुण्याचं माप घेतलं

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दाराच्या अगदी समोर, टेपताई राहते. मोजपट्टी गळ्यात नसलेली टेपताई मी एकदाच पाहिली आहे, तीही तिच्या लग्नाच्या फोटोत. हे नाव मीच ठेवलं. सूड म्हणून तिनं माझा एक झगा चार महिने रखडवला, पण नाव टिकलं. आता तिचा नवरासुद्धा तिला टेपताईच म्हणतो, अर्थात ती घरात नसताना.

शिवणकामात तिचा हात कुणी धरणार नाही. शाळेचे गणवेश ही तिची खासियत, आणि त्यात तिचा एकच कायदा: शिवणीत भरपूर माया ठेवायची. "अंग वाढतं गं, कापड वाढत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे पहिलीत शिवलेली चड्डी पोरं चौथीपर्यंत घालतात. माझ्या झग्यांतली माया मी कधीच वापरून संपवली, तो विषय नको.

अशा या बाईची कुत्रा दिसला की पाचावर धारण बसायची. फाटकाशी एखादा झोपलेला असला तर वरून मला फोन: "अगं, तो उठून गेला का बघ ना!" आणि नशीब बघा, तळमजल्यावर राहणारा तिचा थोरला भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारा आमचा दादा, कुत्रं पाळून होता. चांगलं गुडघ्याएवढं, तांबूस, लांब तोंडाचं.

गेल्या वर्षी दादा न्हाणीघरात घसरला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि चालायला शिकवतात तसल्या केंद्रात तीन महिने मुक्काम पडला. जाताना स्ट्रेचरवरून बहिणीचा हात धरून म्हणाला, "छोटे, माझं काय व्हायचं ते होईल. त्याला कुणाकडे देऊ नकोस."

झालं! कुत्रं तिसऱ्या मजल्यावर आलं. मी त्याचं नाव पाहुणा ठेवलं. दादानं ठेवलेलं भारदस्त नाव त्याला कधी ऐकूच यायचं नाही, पण पाहुणा म्हटलं की कान उभे.

पहिल्याच दिवशी मैत्री करायची म्हणून टेपताईनं मूठभर मनुका काढल्या. नशीब, तेवढ्यात दादाचा फोन आला, तिनं मनुकांचं सांगितलं आणि तो तिकडून ओरडला, "मनुका नको! द्राक्षं नको, चॉकलेट नको, कांदा नको! एखादी जरी पोटात गेली असेल तर आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंना फोन लाव!" एकही गेली नव्हती. मनुका मी खाल्ल्या.

खरा घोटाळा पुढे झाला. पाहुण्याच्या गळ्यातला पट्टा जुना, कडा विरलेल्या. आमची टेपताई गप्प बसणार? तिनं जाड कापडाचा नवा पट्टा शिवला, दुहेरी शिलाईचा, निळ्या गोटाचा. इतका देखणा की मला स्वतःला घालावासा वाटला. आठवड्याभरात फाटकाशी एका स्कूटरनं फटाका फुटल्यासारखा आवाज केला. पाहुणा दचकला, चार पावलं मागे सरकला, मान खाली घातली, आणि दोरीच्या टोकाला रिकामा पट्टा लोंबत राहिला! पेपरवाला सायकलसकट कुंपणात गेला. दुसऱ्या वेळी जिन्यात तेच. त्या वेळी समोर होते आमचे सेक्रेटरी, नोटीसबुवा. चावला नाही हो! नुसता त्यांच्या पायजम्याचा वास घेतला. पण नोटीसबुवांनी असा टाहो फोडला की चौथ्या मजल्यावरची कुकरची शिट्टी कुणाला ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस. तिसऱ्यांदा कुत्रा मोकळा सुटला तर तो इमारतीत राहणार नाही. आज नाही आणि दादा परतल्यावरही नाही.

टेपताई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "दादा रोज फोनवर काय सांगतो माहितेय? आज वीस पावलं चाललो, आज पंचवीस. त्याला फिरवायचंय म्हणून चालतोय तो. मी काय सांगू त्याला?"

"आधी डॉक्टरीणबाईंना दाखव," मी म्हटलं. "दोन्ही वेळा पट्टाच निघाला ना?"

डॉक्टरीणबाई म्हणजे जनावरांच्या डॉक्टर. बोलणं कमी, बोललं की लागतं. त्यांनी पाहुण्याच्या पट्ट्याखाली हात घातला. बोटं गेली, तळवा गेला, मूठसुद्धा गेली.

"हे कुणी शिवलं?"

"मीच," टेपताई जरा फुशारूनच म्हणाली. "थोडी माया ठेवलीय. वाढतं अंग आहे ना."

"ताई, हा सहा वर्षांचा आहे."

"मग?"

"आता उंच नाही व्हायचा. झाला तर जाड होईल. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, बास. शिवाय याचं डोकं निमुळतं आणि मान जाड. मागे ओढलं की गळ्यातलं काहीही निघणार. याला छातीवरून बांधायचा पट्टा हवा, मापाचा."

मी हसू दाबायला भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचू लागले. टेपताईचा चेहरा उतरला होता. तीस वर्षांत तिला कुणी 'माप चुकलं' म्हटलं नव्हतं. घरी आल्या आल्या तिनं गळ्यातली मोजपट्टी काढली आणि पाहुण्यासमोर मांडी घालून बसली. ज्या बाईनं दोन महिन्यांपूर्वी कुत्र्याच्या शेपटीलाही हात लावला नसता, ती त्याच्या काखेत हात घालून आकडे सांगत होती आणि नवरा वहीत लिहीत होता.

"छाती एकोणतीस. लिहिलंत?"

"बाईंची की कुत्र्याची?" मी दारातून विचारलं.

"तू घरी जा!"

नवरीच्या झग्याच्या जेवढ्या झाल्या नसतील तेवढ्या ट्रायल झाल्या. पहिला पट्टा काखेत घासला, तिथले केस विरळ झाले. मग आतून मऊ अस्तर लागलं. दुसऱ्याची कडी हलकी वाटली, म्हणून तिचा नवरा, लिफ्टचा मेकॅनिक, लोखंडी कडी घेऊन आला आणि स्वतः लोंबकळून ती तपासली. तिसऱ्यावर दादाचा फोन नंबर शिवून काढला. चौथा बसला. माया शून्य! पाहुणा मागे सरकला, मान खाली घातली, अंग आक्रसलं, सगळं केलं. पट्टा जागचा हलला नाही.

मग दाराचं शिक्षण. मेकॅनिकभाऊंनी उंबऱ्यावर कमरेएवढं जाळीचं फाटक बसवलं. बेल वाजवायचं काम माझ्याकडे. दिवसातून तीसदा मी बेल वाजवायची, टेपताईनं "बस" म्हणायचं, तो बसला की उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, आणि मगच दार उघडायचं. नाही बसला तर दार बंद, आवाज चढवायचा नाही. तीन आठवड्यांत पाहुणा शिकला. माझा नवराही शिकला. आता आमच्याकडे बेल वाजली की तोही बसूनच राहतो.

दादा यायचा दिवस उजाडला. टेपताईला रात्रभर एकच धास्ती. दादा वॉकर धरून चालणार, आणि कुत्रा आनंदानं अंगावर झेपावला तर? नवा खुबा! फाटकाशी ती पाहुण्याची दोरी धरून उभी, आणि नोटीसबुवाही हजर, काखेत फाईल. "सहज आलोय," म्हणाले. सहज येणारा माणूस कधी फाईल घेऊन येतो का?

गाडी थांबली. दार उघडलं. आधी वॉकर उतरला, मग दादाचा एक पाय, मग दुसरा.

पाहुण्यानं वास घेतला. क्षणभर पुतळा. मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की वरच्या खिडक्या उघडल्या. पुढे झेपावला, पुढे जमेना म्हणून मागे फिरला, तीच जुनी युक्ती, सगळं वजन मागे टाकून हिसडा! टेपताईच्या चपला फरशीवर घसरल्या. नोटीसबुवा फाईल छातीशी धरून भिंतीला चिकटले.

पट्टा निघाला नाही. एक टाकासुद्धा उसवला नाही.

टेपताईनं दोरी दोन्ही हातांत घेतली आणि अगदी हळू, पोराला निजवताना बोलतात तशी, म्हणाली, "बस."

पाहुणा बसला. थरथरत, कुईकुई करत, शेपटीनं फरशी झाडत, पण बसला.

मग दादा चालला. वॉकर पुढे, पाऊल, वॉकर पुढे, पाऊल. सगळी इमारत खिडक्यांत उभी. मी मोजत होते, चौदा पावलं. मेकॅनिकभाऊंनी पुढे सरकवलेल्या खुर्चीत दादा टेकला आणि त्यानं हात पुढे केला. तेव्हा टेपताईनं दोरी सैल सोडली. पाहुण्यानं उडी मारली नाही. सरपटत गेला आणि दादाच्या तळव्यात तोंड खुपसून राहिला.

"छोटे," दादा नाक ओढत म्हणाला, "मला तर यानं सहा वर्षांत एकदाही बसून दाखवलं नाही."

"तू माप कुठे घेतलं होतंस त्याचं?" टेपताई म्हणाली, आणि ताठ मानेनं नोटीसबुवांकडे वळली. "लिहा काय लिहायचंय ते."

नोटीसबुवांनी घसा खाकरला. फाईल उघडली, मिटली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते... आमच्या मुलीकडे एक छोटं आहे. तेही सारखं पट्ट्यातून निसटतं."

टेपताईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, गिऱ्हाइकाला न्याहाळते तसं.

"शनिवारी घेऊन या. सध्या हातात काम फार आहे. आणि आधी ती फलकावरची नोटीस काढा."

नोटीसबुवा गेले आणि स्वतःच्या हातानं नोटीस काढून आले. टाचण्यासुद्धा टेपताईच्या हातात आणून दिल्या.