भिंत अजून ओली आहे

मंडळी, घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आज दुपारी सोनाळ्याला काकूच्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीपाशी एक केसाळ माशी दिसली. भिंतीत एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची बारीक भोकं आहेत. त्यांच्यासमोर ही नुसती हवेत तरंगत होती. फोटो कीटकांच्या ग्रुपवर टाकला. तिथल्या जाणकार ताईंनी लिहिलं, "बी-फ्लाय आहे, मधमाशीसारखी दिसणारी माशी. कुठली, ते पंखांच्या नक्षीवरून कळेल. वरून फोटो हवा."

तेवढ्यात काकू शेणमातीची बादली घेऊन भिंत लिपायला आली. "काऊन व, तुले माशीच भेटली का फोटोले? उद्या पाहुणे येऊन राह्यले!"

"काकू, दोन मिनिटं थांब नं!"

कुरकुरत थांबली बिचारी. माशी टेकली, पंख पसरले, फोटो मिळाला. मीच खुशीत म्हटलं, "झालं काकू, लिप आता."

भिंत लिपून झाल्यावर ताईंचं उत्तर आलं. "आपल्याकडे फारच दुर्मिळ! हिची पिल्लं त्या मधमाश्यांच्या भोकांतच वाढतात. ती भिंत जपा."

भोकं सगळी बुजलीत, पण लिंपण अजून ओलं आहे. काकू समोरच हात धुतेय. मी केसातली पिन काढून भिंतीपाशी उभी आहे.

लवकर सांगा, काकूला काय सांगू?