पेशीतली खटपट

काल दुपारी सुषमावहिनी पहिल्यांदाच माझ्या प्रयोगशाळेत आली. तिचं बाळ जाऊन आता वर्ष होत आलंय. जन्मापासूनच त्याच्या रक्तातली साखर वाढलेली होती आणि कारण हाती लागेपर्यंत ते गेलं. मागाहून तपासणीत निघालं, की त्याच्या शरीरात इन्सुलिन नीट घडतच नव्हतं.

"कुठे चुकलं ते मला बघायचंय," ती म्हणाली.

मी संगणकावर चित्रफीत लावली. माणसाच्या पेशीत एक प्रथिन असतं. नव्या इन्सुलिनच्या धाग्यातले गंधकाचे अणू ते जोडीजोडीने बांधून देतं, मग तो धागा नीट घडी घेतो. पडद्यावर ते प्रथिन उघडत होतं, मिटत होतं, धाग्याला धरून सोडत होतं. बाळाच्या धाग्यात गंधकाचा एक अणूच नव्हता, त्यामुळे एक जोडी जुळतच नव्हती.

"माझ्यामुळे?"

"नाही गं वहिनी. कुणामुळेच नाही."

"मग हे प्रथिन काय करत होतं तेव्हा?"

"जोडायला बघत होतं. जमलं नाही की सोडायचं, पुन्हा धरायचं."

या हालचाली मी रोज मोजते. इतक्या वेळा धरूनही हातात काहीच न उरणं म्हणजे काय, ते मला काल तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

पडद्याकडे बघत ती म्हणाली, "आम्ही बाहेर धावपळ करत होतो, तेव्हा त्याच्या आतही कुणीतरी झटत होतं तर."

चित्रफीत संपली.

"परत लाव ना," ती म्हणाली.