मागं म्हातारी बसलीया

व्हिडिओ गेममधल्या मोटारींच्या शर्यतीत आमच्या टॅक्सीमामानं कधीही कुणाला ओव्हरटेक केलं नाही. पडद्यावर सगळ्या गाड्या सुसाट सुटायच्या, कोपऱ्यात सेकंद उलटे पळायचे, आणि मामाची लाल गाडी एखाद्या हिरव्या ट्रकच्या मागे, बेताचं अंतर राखून, निवांत चालायची. मी शेजारी बसून ओरडायचे, "अरे मामा, जा की पुढं, रस्ता मोकळा आहे." तो पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा, "म्होरं वळण हाय. वळणावर कुणी बाजू काढतं व्हय गं?" मग वेळ संपायची, गाडी आपोआप थांबायची आणि खेळ संपल्याची इंग्रजी पाटी झळकायची. मामा रिमोट खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "आलो न्हवं सुखरूप?"

हा माझ्या आईचा थोरला भाऊ. महाबळेश्वरला त्याची स्वतःची टॅक्सी होती. सीझनमध्ये पाहुण्यांना सगळे पॉइंट दाखवत फिरायचा आणि पावसाळ्यात रिकामा व्हायचा. तिथला पाऊस असा, की माणूस समोरच्या दुकानात जायचं तरी दोनदा विचार करतो. पाहुणे कुठले यायला. मग मामा टॅक्सीवर प्लास्टिक बांधून खाली साताऱ्याला आमच्याकडे मुक्कामाला यायचा. मामीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पण हातावर हात ठेवून बसणं त्याच्या जिवावर यायचं. तो आमच्या दारापुढं उभ्या असलेल्या कुणाच्याही स्कूटरची हवा तपासायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या हट्टापायी बाबांनी पुण्याहून व्हिडिओ गेम आणला आणि माझ्यापेक्षा जास्त आनंद मामाला झाला. ऐन पावसाळ्यात, घरात बसल्या बसल्या, त्याला गाडी मिळाली.

तो काळा डबा आणि त्यात घालायची पिवळी कॅसेट आमच्या पिढीतल्या सगळ्यांना आठवत असेल. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असायचा, आणि प्रत्यक्षात तेच पाच-सहा खेळ नाव बदलून परत परत भेटायचे. मामाला बाकीच्यांशी कर्तव्य नव्हतं. बंदुका नकोत, उड्या मारणारी माणसं नकोत. त्याला फक्त मोटारी. पहिल्या दिवशी त्यानं टीव्हीवरच्या भिंतीतल्या खुंटीला लिंबू-मिरची बांधली. आई म्हणाली, "दादा, टीव्हीला काय दृष्ट लागणार आहे?" मामा म्हणाला, "टीव्ही ऱ्हाऊ दे बाजूला. नवी गाडी हाय ती." ते लिंबू पार वाळून काळं होईपर्यंत बातम्यांवर लोंबत होतं.

तो टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायचा. मी म्हणायचे, मागं सरक, डोळे खराब होतील. तर म्हणायचा, "काच हाताच्या अंतरावर नसली तर मला गाडीत बसल्यावाणी वाटतच न्हाई." दर अर्ध्या तासानं तो अडॅप्टरला हात लावून बघायचा आणि खेळ बंद करायचा. "इंजन तापलं. जरा निवू दे." घाटात तो टॅक्सी थांबवून तिला पाणी पाजत असे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पाण्याचा तांब्या त्याच्यापासून लांब ठेवायचे. त्याचा काही नेम नव्हता.

या सगळ्या सावकाशीचं कारण एक म्हातारी होती. "मागं म्हातारी बसलीया," हे मामाचं ठरलेलं वाक्य. त्याच्या हिशेबानं गाडी कुठलीही असो, मागच्या सीटवर एक म्हातारी बसलेली असतेच. तिनं सकाळी नुसता चहा घेतलेला असतो, तिला वळणावर मळमळतं, आणि तिचा ड्रायव्हरवर विश्वास असतो. खरा पाहुणा तरणाताठा पैलवान असला तरी मामा गाडी म्हातारीसाठीच चालवायचा. आणि चांगल्या ड्रायव्हरची त्याची परीक्षाही एकच होती. "मागचा झोपला का न्हाई ते बगायचं. घाटात मानूस झोपला म्हंजे त्यानं त्याचा जीव आपल्या हातात दिला. त्याच्या म्होरं कसलं बक्षीस?"

मला हे अजिबात पटायचं नाही. मला पहिलं यायचं होतं. गल्लीतली मुलं खेळायला यायची, "पोरगी असून" वगैरे म्हणायची, आणि मी त्यांना हरवून घरी पाठवायचे. हरले तर रिमोट आपटायचे. मामा मला त्याच्या डावीकडे बसवून क्लीनर करायचा. खेळ त्याचा असला की मी "येऊ द्या, येऊ द्या, डावी मोकळी" असं म्हणायचं. मी वैतागून म्हणायचे आणि तो खूश व्हायचा. "माजी क्लीनर लय कडक हाय," असं आईला सांगायचा.

मी नववीत असतानाच्या पावसाळ्यात मामा गाड्या ठोकायला लागला.

पहिल्यांदा मी हसले. म्हटलं, "मामा, सुधारलास. आता तूपण माझ्यासारखा चालवतोस." तो गोंधळून म्हणायचा, "आगं, ही कुठनं आली? आत्ता न्हवती." मग म्हणाला, गेम बिघडलाय. मी खेळून बघितलं, गेम ठीक होता. तो सगळा रस्ता मला पाठ होता; कुठली गाडी कुठल्या वळणावर येते ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. म्हणून माझ्या ध्यानात आलं, की समोरून, मधून जाणाऱ्या गाड्या त्याला बरोबर दिसत होत्या. ठोकर बसायची ती कडेनं आत शिरणाऱ्या गाडीची. मी स्वयंपाकघरातून एक चमचा आणला आणि त्याच्या डाव्या कानाच्या जरा पुढं धरला. "मामा, समोरच बघ. माझ्या हातात काय आहे?"

"कुठल्या हातात?" मामा म्हणाला.

मी चमचा हळूहळू पुढं आणत गेले. बराच पुढं आल्यावर तो म्हणाला, "चमचा." आणि त्यानं रिमोट खाली ठेवला. त्याचा चेहरा तसा मी कधी पाहिला नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "शुभे, आईला सांगू नगंस. सीझन तोंडावर आलाय. दिवाळी होऊ दे, मग बगू काय ते." मामा मला घाबरला होता. एवढा मोठा माणूस, घाट कोळून प्यालेला, आणि माझ्या हातातल्या चमच्याला घाबरला होता. मला रडू आलं. मी दुसरं काय बोलणार? त्याचंच वाक्य तोंडात आलं. "मामा, मागं म्हातारी बसलीया."

पडद्यावर गाडी तशीच उभी होती, मागून येणाऱ्या गाड्या तिला चुकवून जात होत्या. मग त्यानं स्वतःच स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली, "सुमे, मिरजेला डोळ्याचं डॉक्टर चांगलं हायती म्हंत्यात न्हवं?"

मिरजेला आई आणि मी त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. कडेची नजर गेली ती परत येणार नाही. आता ऑपरेशन केलं आणि औषध नेमानं घातलं तर आहे ती राहील. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द विचारला, "गाडी?" डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. परतताना एसटीत तो खिडकीशी बसला आणि कराड येईपर्यंत रस्ताच बघत राहिला. मग एका वळणावर एक जीप आमच्या बाजूनं हॉर्न न देता पुढं घुसली, तेव्हा पुटपुटला, "ह्याचं डोळं तपासा आदी." आई हसली आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला.

ऑपरेशननंतर मामा आमच्याकडेच राहिला. टीव्ही बघायला मनाई होती. आडवं पडून पडून तो इतका कंटाळला, की एक दिवस म्हणाला, "शुभे, तू चालीव. मी मागं बसतो." मग मी खेळायचे आणि तो मागच्या पलंगावर डोळे मिटून सूचना द्यायचा. "म्होरं काय हाय?" "हिरवा ट्रक." "ऱ्हा त्याच्या मागं." मी कशाची राहते. हो म्हणायचे आणि ट्रकला मागं टाकून सुटायचे. "शुभे," मागून आवाज यायचा, "इंजनाचा आवाज चढलाय. कमी कर." डोळे बंद असूनही त्यानं मला कानानं पकडलं. नाइलाजानं मी आयुष्यात पहिल्यांदा एक पूर्ण शर्यत ट्रकच्या मागून चालवली. वेळ संपली, पाटी आली. मी मागं वळून बघितलं तर मामा जागाच होता. "बरं हाय," म्हणाला, "पर झोप काय लागली न्हाई." त्या दिवशी मी त्याच्यावर चिडले. मनातून मात्र मला त्याला झोपवून दाखवायचंच होतं.

टॅक्सी त्यानं एका ओळखीच्या ड्रायव्हरला चालवायला दिली आणि स्वतः स्टँडवर बसून पाहुणे जमवून द्यायला लागला. पण पावसाळा लागला की साताऱ्याला यायचा, आणि आल्या आल्या टीव्हीपुढं बसायचा. आता तो मान डावी-उजवीकडे फिरवत चालवायचा आणि पूर्वीपेक्षाही हळू. म्हणायचा, "ही एकच गाडी ऱ्हायली बग. हिला लायसन लागत न्हाई." बाबा म्हणाले, वयाला शोभत नाही. मामा म्हणाला, "वयाला काय शोभतंय मग, दाजी? खिडकीत बसून खोकनं?"

मी सांगलीला कॉलेजात गेले आणि माझा व्हिडिओ गेम साताऱ्यात मामाकडेच राहिला. विश्रामबागेत आमच्या हॉस्टेलजवळ कॉम्प्युटरचं एक दुकान होतं, तासावर खेळायला मिळायचं. तिथल्या गाड्या खऱ्यासारख्या होत्या, त्यांना सावल्या पडायच्या. तिथं मी एकटीच मुलगी, आणि सगळ्यात वेगानं शर्यत संपवणारीही मीच. जेवणाच्या वेळा चुकल्या, एक परीक्षाही चुकता चुकता राहिली. तेव्हा मला वाटायचं, हाच खरा खेळ, मामाचं ते काय, नुसतं रखडणं.

पुढं सांगलीतच नोकरी लागली. भाड्याची खोली घेतली, साठवलेल्या पैशातून जुना कॉम्प्युटर घेतला. आता मला कुणी अडवणारं नव्हतं, आणि नेमकी तेव्हाच खेळायची ताकद उरेना. दिवसभर ऑफिसात साहेबांची बोलणी आणि कागदांची उलथापालथ, मग संध्याकाळी अर्धा तास जेमतेम. अशाच एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की मी कितीतरी वेळ एका ट्रकच्या मागून चालले आहे. रस्ता मोकळा होता. बाजूची झाडं छान दिसत होती. मला कुणाला हरवायचं नव्हतं, कुठंतरी सुखरूप पोचायचं होतं, बस. मी एकटीच हसले. मामाला फोन करावासा वाटला, पण स्टँडवरच्या फोनवर हे असलं काय सांगायचं म्हणून राहून गेलं.

फोन त्याचाच आला. टॅक्सी म्हातारी झाली होती, साताऱ्याच्या एका गॅरेजवाल्यानं मागितली होती. "द्यायची हाय," मामा म्हणाला, "पर शेवटचा घाट उतरताना मी तिच्यात बसनार. त्यो पोरगा ब्रेकवर नाचतोय, त्याच्यासंगं न्हाई येनार. तू लायसन काढलंयस न्हवं?" काढलं होतं, पण सांगलीच्या सपाट रस्त्यावर. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "घाट तुला ठावं हाय. मी शिकवलाय."

महाबळेश्वरला पोचले तर मामा नवी टोपी घालून तयार. मला वाटलं माझ्या शेजारी बसेल, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणेल. त्यानं मागचं दार उघडलं. ज्या गाडीत तो सगळी उमर पुढं बसला, तिच्या मागच्या सीटवर तो पहिल्यांदाच बसत होता. बसता बसता सूचना सुरू झाल्या. केळघरचा घाट येऊ दे, मग सांगतो. दुसऱ्या गिअरला ऱ्हा. ब्रेकवर पाय नुसता ठेव, दाबू नगं. चढती गाडी दिसली की आपन थांबायचं. वळणावर हॉर्न.

घाट लागला. पहिल्या वळणाला हॉर्न दिला. चढणारा ट्रक दिसला तशी कडेला थांबले. ट्रकवाल्यानं हात वर केला आणि गेला. पुढं एक लाकडं भरलेला ट्रॅक्टर कूर्मगतीनं उतरत होता. मी त्याच्या मागं राहिले, बेताचं अंतर राखून. मागून एक गाडी हॉर्नवर हॉर्न देत होती, तिला मी जाऊ दिलं. मागच्या सीटवरून काहीच सूचना येईनात. मला वाटलं, काहीतरी चुकलं, मामा रागावला. मी आरशात बघितलं.

मामाची टोपी नाकावर आली होती, तोंड उघडं होतं, आणि तो घोरत होता. मला समोरचं धूसर दिसायला लागलं, म्हणून मी एका हातानं डोळे पुसले आणि ट्रॅक्टरच्या मागंच राहिले.

आमच्या बोळाशी गाडी थांबली तेव्हा त्याला जाग आली. आई दारात उभी होती. त्यानं टोपी सारखी केली, इकडंतिकडं मान फिरवून बघितलं आणि सावकाश खाली उतरला. मी विचारलं, "मामा, कशी चालवली?"

"वाईट न्हाई," तो म्हणाला. "म्हातारीला झोप लागली." आणि इंजिन तापलंय का ते बघायला बॉनेटवर हात ठेवला.